शिकतेय अजून

पितळेचा तांब्या आधी माझ्या कपाळावर बसला, मग फरशीवर आपटला आणि घरंगळत खाटेखाली गेला. पाणी माझ्या पांढऱ्या साडीवर सांडलं. त्या ओल्या साडीवर रक्त ठिबकायला लागलं.

"मांगिणी! आमच्या तांब्याला हात लावलास? बाळंतिणीच्या तोंडात तुझ्या हातचं पानी?"

ओरडत होती ती पाटलीणबाई. आमच्याच गावची, शिराळ्याकडची. तिची सून नुकतीच बाळंत झाली होती. मुलगा झाला होता. जागा होती मिरजेतला एक खासगी दवाखाना, आणि मी तिथे नर्सचं काम शिकत होते. मोठा दुष्काळ संपून दोन पावसाळे झाले होते, म्हणजे पाण्यासाठी माणूस कसा तडफडतो हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

सून ओठांवरून जीभ फिरवत होती. "पाणी" म्हणाली. डॉक्टर सांगून गेले होते की घोटघोट द्या. पाटलीणबाई बाहेर नातवाचं कौतुक करायला गेली होती. त्या लोकांनी घरून उकळून आणलेलं पाणी उशाशी होतं, तांब्यावर फुलपात्र झाकलेलं. बड्या घरची माणसं दवाखान्यात येताना आपलं पाणी घेऊन यायची, तिथल्या माठाला कुणाकुणाचा हात लागतो म्हणून. मी सुनेची मान उचलली, फुलपात्रात पाणी ओतलं आणि तिला पाजलं. बाई पाणी मागते आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तेवढ्यापुरती मी माझी जात विसरले.

वॉर्डात खाटाखाटांवर बाया होत्या, त्यांच्या आया होत्या, सासवा होत्या. सगळ्या बघत होत्या. सून डोळे मिटून पडली होती. तिच्या हनुवटीवर मी पाजलेलं पाणी अजून सुकलं नव्हतं.

मग तिचा नवरा आला. पाटील. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. आईनं काय झालं ते सांगितलं. त्यानं तो पुडा नीट खाटेवर ठेवला, एकही पेढा सांडू दिला नाही. मग माझी वेणी धरली. वेणीला धरून मला व्हरांड्यात ओढलं. थोबाडीत मारली. एका कानात शिटी वाजायला लागली. पोटात गुडघा घातला. मी खाली बसले तर लाथ घातली.

मोठे डॉक्टर आले. दवाखाना त्यांचा. मला वाटलं, आता ते ह्याला धरतील. त्यांनी पाटलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या, पाटील. प्रोबेशनर आहे. शिकतेय अजून."

असं म्हणून ते हसले. पाटीलही शांत झाला. पुडा उघडला गेला, डॉक्टरांनी पेढा घेतला. मी खालीच बसले होते.

प्रोबेशनर. हा शब्द माझा होता. त्याच्यावर माझा जीव होता, आणि तो का होता ते सांगायला पाहिजे.

दवाखान्यातल्या शाळेत पहिल्या दिवशी ट्यूटर सिस्टरनं फळ्यावर इंग्रजी शब्द लिहिले होते. सिस्टर केरळची. तिचं मराठी तोडकं, पण शिकवणं चोख. म्हणाली, नवीन काम शिकणाऱ्या माणसाला इंग्रजीत किती नावं आहेत बघा. कारखान्यात लेथवर उभा राहतो तो अप्रेंटिस. लष्करात भरती होतो तो रिक्रूट. मास्तरकी शिकतो तो ट्रेनी. चर्चमध्ये नन व्हायला येते ती नोव्हिस. मोटार शिकतो तो लर्नर. आणि तुम्ही प्रोबेशनर.

मी ते शब्द एकेक करून तोंडात घोळवले. रिक्रूट आम्हाला माहीत होता. आमच्याकडे त्याला रंगरूट म्हणतात. आमच्या भागात घरटी एक रंगरूट जायचा आणि सुट्टीला हवालदार होऊन यायचा. अप्रेंटिसचा फिटर होतो. ट्रेनीचा मास्तर होतो. प्रत्येक शब्दाला पुढं काहीतरी होतं. शब्दच सांगत होता की हे माणूस इथं थांबणार नाही.

गावात मला शब्द होता मांगीण. त्याला पुढं काही नव्हतं. मांगीण जन्मतःच पुरती मांगीण असते, तिला शिकावं लागत नाही आणि तिला कधी परीक्षा पास होऊन त्यातून सुटता येत नाही. म्हणून प्रोबेशनर हा शब्द मला लुगड्या-दागिन्यापेक्षा प्यारा होता. जात नसलेलं माझं ते पहिलं नाव होतं. सुट्टीत घरी गेल्यावर मी आईला सांगितलं.

"म्हंजी काय गं?" आईनं विचारलं.

"शिकाऊ."

"आन मग?"

"मग परीक्षा. मग डोक्यावर टोपी. मग नर्स."

"बरं हाय," आई म्हणाली. "फुडं काय तरी हाय."

माझी आई सुईण. गावातल्या सगळ्या बाळंतपणांना तीच जायची. आजीच्या मागं मागं जाऊन शिकली. तिला कुणी अप्रेंटिस म्हटलं नाही, ट्रेनी म्हटलं नाही. "मांगीण आली का?" एवढंच म्हणायचे. पाटलाच्या घरात तिनं परसदारानं शिरायचं. कळा देणारी बाई मांडीवर घ्यायची. मूल काढायचं, नाळ कापायची, रक्त पुसायचं, वार पुरायची. तेवढा वेळ तिचा हात चालायचा. नाळ कापून झाली की तोच हात बाटका. जोंधळे वरून पदरात टाकायचे, आणि ती गेली की घरभर गोमूत्र शिंपडायचे. मला लहानपणी हे खटकायचं नाही. मला वाटायचं जगभर असंच असतं.

ज्यानं मला मारलं त्या पाटलाची नाळसुद्धा आईनंच कापली होती. आई तेव्हा नुकती आजीबरोबर जायला लागली होती. आजीचा हात थरथरत होता म्हणून तिनं पातं आईच्या हातात दिलं. आईनं आपल्या हातानं कापलेली ती पहिली नाळ. आई तेव्हा शिकत होती. हे ती कौतुकानं सांगायची. पाटलाला लांबून बघितलं तरी तिच्या तोंडावर माया यायची. आणि ह्या खेपेला सून अडली तेव्हा "माझ्या हातचं न्हाई, आत्ताच्या आत्ता मिरजंला न्या" असं सांगितलं तेही आईनंच. तिनं ते वेळेवर सांगितलं म्हणून ती पोर आणि तिचं पोर जगलं.

माझं कपाळ ट्यूटर सिस्टरनं शिवलं. सुई टोचत होती आणि ती बोलत होती. पाटलाची अट होती की उद्या सकाळी सगळ्या वॉर्डासमोर मी त्याच्या आईपुढं नाक घासायचं. नाही तर मला काढून टाकायचं. डॉक्टरांनी मान्य केलं होतं.

सिस्टरनं कपाट उघडून मला माझी टोपी दाखवली. खळ घालून कडक केलेली, पांढरी. टोप्या डोक्यावर बसवायचा समारंभ जवळ आला होता. मेणबत्त्या आणून ठेवल्या होत्या. आम्ही मुली रोज शपथ पाठ करत होतो.

"सॉरी म्हण," सिस्टर म्हणाली. "आदी टोपी घे. नंतर बोल."

मला टोपी हवी होती. खोटं कशाला सांगू, फार हवी होती. तिच्यासाठी मी काय काय गिळलं होतं. आमच्या खोलीत मुलींचे पाण्याचे मग एका रांगेत टांगलेले असायचे आणि माझा दाराजवळच्या वेगळ्या खिळ्याला. बेडपॅन साफ करायची पाळी सगळ्यांची होती, पण ती माझ्यावरच यायची. मी काही बोलले नव्हते. एकदा टोपी डोक्यावर आली की हे सगळं सरेल असं मला वाटायचं. म्हणून मी नाक घासायचं ठरवलं. नाक काय, डोकं आपटायला सांगितलं असतं तरी मी आपटलं असतं.

सकाळी वॉर्डात गेले. पाटलीणबाई सुनेच्या खाटेवर मांडी घालून बसली होती, नातू मांडीवर. पाटील उभा होता. डॉक्टर होते, सिस्टर होती, बाकीच्या प्रोबेशनर भिंतीला टेकून उभ्या होत्या. आणि दारात, चौकटीच्या बाहेर, माझी आई होती. अनवाणी. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला.

तिला पाटलाच्या माणसानं जीपमध्ये घालून आणलं होतं. कशाला ते तिला वाटेत सांगितलं होतं. माझ्या कपाळाची पट्टी बघून तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही.

"दोघी मायलेकींनी," पाटील म्हणाला.

डॉक्टरांना आटपायची घाई होती. ते आईला म्हणाले, "घाबरू नका बाई. प्रोबेशनर आहे, शिकतेय अजून, असं मी सांगितलंय त्यांना. माफी मागा आणि मिटवा."

बुडत्या माणसानं दोर पकडावा तसं आईनं ते वाक्य पकडलं. ती दारातच गुडघ्यांवर बसली. हात पुढं टेकले.

"आवं मालक, लेकरू हाय जी. चुकलं तिचं. शिकतंय अजून. शिकतंय अजून."

आणि तिचं नाक फरशीला लागलं. त्या फरशीवर मी रोज फिनेल टाकून पोछा मारायचे. आईचं नाक त्या फरशीवर घासताना मी बघितलं.

माझ्या डोक्यात काहीतरी फाटलं. शिकतेय अजून. काय शिकतेय मी? तहानलेल्या बाईला पाणी द्यायचं नाही, हे? पाणी द्यायला मला दवाखान्यानं शिकवलं होतं. हे लोक म्हणत होते तो धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता. तो धडा आई जन्मभर शिकत होती, तिच्या आधी आजी शिकली होती, आणि तिघींपैकी कुणालाच त्याची टोपी मिळणार नव्हती. डॉक्टरांनी माझा शब्द घेतला आणि त्यात मांगीण भरून मला परत दिला. मला त्या घडीला पाटलापेक्षा डॉक्टरांचा जास्त राग आला.

मी दारात गेले. आईच्या काखेत हात घालून तिला उभी केली. ती उठेना. "र्‍हाऊ दे गं बाय, र्‍हाऊ दे," म्हणत होती. मी तिला ओढलं. तिच्या नाकाला लागलेली घाण माझ्या पदरानं पुसली.

पाटील चप्पल काढून पुढं आला. हात उगारला. मी त्याचं मनगट धरलं. कळा देणारी बाई खाटेवरून उसळते तेव्हा तिला धरायचे हात होते ते, सुटण्यासारखे नव्हते. त्यानं दुसऱ्या हातानं माझ्या कपाळावर मारलं. टाके उसवले. रक्त डोळ्यात आलं, नाकावर आलं, मी मान झटकली तशी त्याच्या परीटघडीच्या सदऱ्यावर उडालं. तो विंचू चावल्यासारखा किंचाळला. एवढा वेळ मला मारताना त्याला माझ्या अंगाला हात लागल्याचं काही वाटलं नव्हतं. रक्त उडाल्यावर तो आपल्या छातीकडे बघत मागे सरकला.

"तुझी नाळ हिनं कापलीय," मी म्हणाले. "माझ्या हातानं पाणी बाटतं, तर तिच्या हातानं तू जन्मतःच बाटलास. जा, नाळ जोडून घे परत."

पाटलाला अरेतुरे. माझ्या घराण्यात आजवर कुणी केलं नव्हतं.

मग मार बसला. पाटलानं मारलं, त्याच्या माणसानं मारलं. आईनं मध्ये अंग घातलं तर तिलाही मारलं. मी पण मारलं. हाताला स्टीलचा ट्रे लागला, तो मी त्या माणसाच्या तोंडावर घातला, त्याचा ओठ फाटला. मला त्याचं वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. शेवटी डॉक्टर ओरडले, "गेट आऊट." ते ओरडले ते माझ्यावर.

वॉचमननं माझी ट्रंक रस्त्यावर आणून टाकली. आतून पाटलीणबाईनं तो तांब्या पायानं ढकलत दाराबाहेर लोटला. "न्या तुमच्या मांगवाड्याला. आमच्या काय उपेगाचा आता?" आई म्हणाली नको घेऊ. मी घेतला. त्याला एका अंगाला पोचा पडला होता, माझ्या कपाळाचा. ट्यूटर सिस्टर खिडकीत उभी होती. बाहेर आली नाही. तिनं मला एवढे शब्द शिकवले, आणि ऐन वेळी एकही उच्चारला नाही. मला तिचा राग होता. अजून आहे.

मिरजेच्या स्टँडजवळच्या नळावर मी तांब्या धुतला, भरला आणि आईला दिला. ती एका दमात प्याली. तोंड पुसलं. गाडी लागली तेव्हा म्हणाली, "त्याची नाळ कापताना माझं हात कापत व्हतं. आपल्या हातनं पोराला काय हुईल म्हनून. लय जपून कापली मी."

एवढं बोलून ती रडली. मी नाही रडले.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. गावानं मांगवाड्याचं काम बंद केलं. दुकानदार मीठ देईना. माझ्या भावाला उसाच्या फडात गाठून मारला, त्याचा हात मोडला. मांगवाड्यातलीच माणसं येऊन आईला सांगायची, पोरीला माफी मागायला लाव, आमच्या पोटावर कशाला पाय देता. आई ऐकून घ्यायची आणि चुलीपुढं बसायची. मी साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात अर्ज केला. तिथे घेतलं. पुन्हा पहिल्यापासून शिकायचं होतं, पुन्हा बिनटोपीचं डोकं.

निघायच्या दिवशी ट्रंक दारात आणून ठेवली होती. भर दुपार. पाटलाची जीप मांगवाड्याच्या तोंडाशी येऊन थांबली. त्याची बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जीपमधल्या गड्यानं लांबूनच हाक मारली.

"ए सुईणबाय, चल. बाईसायबांस्नी कळा लागल्यात."

आई बाहेर आली. कळा कवापासून लागल्या, पाणी गेलं का, पोर हलतंय का, सगळं विचारून घेतलं. गडी सांगत गेला. तिनं मान हलवली. "लय येळ हाय अजून. मिरजंला जाऊन निवांत हुईल." मग माझ्याकडे बघितलं. मी आत गेले, तांब्या भरून आणला.

"आन मीच पायजे आसंल," आई म्हणाली, "तर मालकास्नी हितं धाड. माझ्या लेकीच्या हातचं पानी पिऊ दे. मग येते."

जीप गेली आणि पाटलाला घेऊन परत आली. तो उतरला. हातात काठी होती. सगळा मांगवाडा दारादारांत उभा राहिला. आम्हाला माफी मागायला सांगणारी माणसंही उभी राहिली, आणि या वेळी कुणी आत गेलं नाही. भाऊ मोडका हात गळ्यात बांधून माझ्या शेजारी आला.

मी तांब्या पुढं धरला. पोचा त्याच्याकडे केला.

त्यानं काठी उचलली आणि आमच्या दारातल्या रांजणावर घातली. रांजण फुटला. दिवसभराचं पाणी मातीत गेलं. मी तांब्या खाली घेतला नाही. हात दुखायला लागला तरी घेतला नाही. तो तांब्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे बघत होते. मग तो वळला आणि बहिणीला घेऊन मिरजेला गेला. ती नीट बाळंत झाली असं नंतर कळलं.

मी त्याच दिवशी साताऱ्याची गाडी पकडली. तिथे पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "तू नवी ट्रेनी ना?" मी हो म्हणाले. अप्रेंटिस म्हणा, ट्रेनी म्हणा, प्रोबेशनर म्हणा, काम शिकायला मला कधीच लाज नव्हती. काम मी शिकणार होते, जीव ओतून शिकणार होते. पण तो दुसरा धडा, जो माझ्या आईच्या नाकानं फरशीवर गिरवला गेला, तो मी शिकणार नव्हते आणि माझ्या पोटच्या पोरांना शिकू देणार नव्हते. तो शिकवायला कुणी पुढं आलंच, तर त्याचं मनगट धरायला माझे हात तयार होते.

निघताना मी तांब्या बरोबर नेला नाही. आईसाठी ठेवला. तो आमच्या उंबऱ्यावर असतो, भरलेला. पाटील असो, त्याचा सोयरा असो, गावातला आणखी कुणी असो. ज्याला आमचा हात हवा, त्यानं आधी पाणी प्यायचं.